आठ बाय दहाचा खर्ज

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या एका वाचकाने महिन्यापूर्वी खोलीवर बोलावलं. आठ फूट रुंद, दहा फूट लांब अशी भाड्याची खोली. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, एका भिंतीला लोखंडी कॉट. समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत छातीएवढे उंच दोन टॉवर स्पीकर. दोन दिवाळ्यांचा बोनस त्यात गेला होता. "काका, तानपुरा सुरू झाला की पिंपात बसल्यासारखं होतं," तो म्हणाला आणि त्याने एक ख्याल लावला. गायकाची पट्टी काळी एक. चौथी तार छेडली की जाड घुमारा उठायचा, आणि पुढच्या तारा वाजून गेल्या तरी तो खाली बसत नव्हता. गायकाने पहिला सा लावला तोही त्या घुमाऱ्याच्या आतून, दबल्यासारखा.

स्पीकर वाईट नव्हते. मी खिशातली टेप काढली आणि भिंती मोजल्या. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची बरोबर अर्धी लांबी मावते, तो सूर खोली स्वतःच धरून ठेवते. आठ फुटांना हा सूर ७० हर्ट्झचा येतो, दहा फुटांना ५६चा. आता काळी एकचा सा १३८ हर्ट्झच्या आसपास, आणि तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे ६९. खर्जाची तार आणि त्या खोलीची रुंदी एकाच सुरात लागलेली! पडताळा म्हणून पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या एका गायिकेचं ध्वनिमुद्रण लावलं. तिथे खर्ज ९८ हर्ट्झला जातो. घुमणं लगेच निम्म्यावर आलं.

म्हणून गेली काही वर्षं या सदरातून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहितो आहे. दहा बाय बारापर्यंतच्या खोलीत टॉवर स्पीकर घेऊ नका. दुकानदार "सर, बेस बघा" म्हणतो, तेव्हा तो त्याच्या हॉलचा बेस दाखवत असतो. परदेशी परीक्षणं वाचून घेतलेली खरेदीही अशीच फसते. अमेरिकेतली घरं बहुतेक लाकडी सांगाड्यावर पातळ फळ्या ठोकून बांधलेली असतात, त्यामुळे खालचा सूर भिंतीतून बराचसा बाहेर निघून जातो. आपल्या विटांच्या भिंती आणि सिमेंटचा स्लॅब त्याला जाऊ देत नाहीत. तिथे ज्याला 'बेस थोडा कमी' म्हणतात, तो स्पीकर आपल्याकडे पुष्कळदा नेमका बसतो.

छोट्या खोलीसाठी मुद्दाम केलेल्या स्पीकरचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला बीबीसीच्या एलएस ३/५ए मध्ये दिसतं. १९७०च्या दशकाच्या मध्यात बीबीसीच्या अभियंत्यांपुढे अडचण होती ती बाहेरच्या प्रक्षेपणासाठी फिरणाऱ्या गाड्यांची. गाडीच्या केबिनमध्ये बसून आवाज पारखायचा, हेडफोनवर भागत नाही आणि मोठा स्पीकर मावत नाही. त्यांनी फूटभर उंचीची, सगळीकडून बंद अशी पेटी केली. आत पाच इंची वूफर आणि एक छोटा ट्वीटर, दोन्ही केईएफ कंपनीचे. सत्तर-ऐंशी हर्ट्झच्या खाली ती हळूहळू हात आखडता घेते आणि तिथून पुढचं काम खोली करते. माणसाचा आवाज मात्र असा उभा राहतो की गवयाचा श्वास कुठे तुटला ते कळतं. तिची नवी जोडी आज महाग आहे, मी ती घ्या म्हणत नाही. पण दुकानात शिरताना डोळ्यांपुढे ती ठेवा. पाच ते साडेपाच इंची वूफर, जमल्यास बंद पेटी, आणि दणकट स्टँड. स्टँडवर पैसे वाचवून स्पीकर टीपॉयवर ठेवणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे.

आजकालच्या बहुतेक पेट्यांना मागे किंवा पुढे भोक असतं, खालचा सूर वाढवायला. त्या खोलीतल्या टॉवरनाही मागे होतं. कॉटवर कारखान्यातलेच नॅपकिन घडी करून ठेवलेले होते. मी एकाची घट्ट सुरळी केली आणि भोकात सरकवली, दुसऱ्या स्पीकरलाही तसंच केलं. मग दोघांनी मिळून पेट्या कोपऱ्यातून दीड-दोन फूट पुढे ओढल्या, कारण एक भिंत जवळ असली तरी खालचा सूर सहा डेसिबलपर्यंत फुगतो आणि कोपऱ्यात तर दोन भिंती आणि फरशी मिळून फुगवतात. त्याची खुर्ची भिंतीला टेकलेली होती, तीही पुढे घेतली, पण खोलीच्या बरोबर मध्यावर नाही, तिथे तोच सूर गायब होतो. पुन्हा तोच ख्याल लावला. आता चार तारा चार ऐकू आल्या. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग त्याने विचारलं, भिंतींना चादरी लावल्या तर? चिंचोळीत हा प्रश्न येणारच, सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, घराघरात त्यांची चळत असते. उत्तर खरं द्यायला हवं. ७० हर्ट्झची लहर जवळजवळ पाच मीटर लांब असते, कापड तिला अडवू शकत नाही. डग्गा आणि खर्ज चादरीने आवरत नाहीत. त्या खोलीत टाळी वाजवली की मात्र भिंतींतून टर्र असा आवाज परत येत होता, त्यावर कापूस उत्तम चालतो. चादर भिंतीला सपाट चिकटवू नका, चुण्या पाडून भिंतीपासून चार बोटं दूर सोडा. खुर्चीत बसा, मित्राला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे ती टांगा. कापसाची जुनी गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली तर आणखी चांगलं, कारण जाडी जितकी जास्त, तितका खालचा सूर ती शोषते.

वॅटचाही धसका सोडा. मीटरवर ८४ डेसिबल देणारी साधी छोटी जोडी दीड मीटरवरून ऐकली, तर एका वॅटला ८३च्या आसपास डेसिबल कानाशी येतात. वॅट दुप्पट झाले की तीन डेसिबल वाढतात. सोळा वॅटला ९५. या खोलीत त्याहून जास्त कोणाला हवंय? शंभर वॅटच्या अॅम्प्लिफायरचे पैसे चांगल्या स्पीकरकडे वळवा.

आणि एक गोष्ट एमआयडीसीतल्या वाचकांसाठी, जी मला फार महत्त्वाची वाटते. लूमच्या शेडमधून सुटून थेट स्पीकर पारखायला जाऊ नका. ८५ डेसिबलच्या वरच्या गोंगाटात पाळी काढली की कान काही तास बधिर राहतात, बारीक सूर आधी हरवतात. अशा कानाला कर्कश स्पीकर 'स्वच्छ' वाटतो आणि घरी आणल्यावर आठवड्यात तो नकोसा होतो. पारख सुट्टीच्या दिवशी करा, सकाळी, आणि शेडमध्ये कानात प्लग घालत जा. हेच कान रात्री मल्हार ऐकणार आहेत. घेण्याआधी दोन दिवस जोडी घरी न्यायला मागा. नाही म्हणणाऱ्या दुकानातून मी स्वतः काहीही घेत नाही. दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखाच ठेवायला सांगा, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच सरस भासतो.

त्या वाचकाने टॉवर बार्शीच्या मेहुण्याला दिले. त्यांचा दिवाणखाना सव्वीस फूट लांब आहे, तिथे ते छान वाजतात. त्याच्याकडे आता पाच इंची वूफरची जुनी, बंद पेट्यांची जोडी आहे, टॉवरच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळालेली. तुम्हीही स्पीकर घ्यायच्या विचारात असाल, तर या आठवड्यात खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजा, तुमच्या आवडत्या गायकाची पट्टी लिहा, आणि मला कळवा.