आधी सतरंज्या घाला!

वीकेंडला स्ट्रॉबेरी खायला महाबळेश्वरला पळणारे आपण. त्याच सातारा जिल्ह्यात औंधला अंतुबुवा जोशींनी १९४० साली संगीत महोत्सव सुरू केला, हे किती जणांना ठाऊक आहे?

मीही बरीच वर्षं नुसता श्रोता. माइक घुमला की नाक मुरडायचो. एकदा सतरंज्या घालायला, वायरी ओढायला थांबलो आणि तोंडच बंद झालं.

"अहो, पण मग ऐकणं होत नाही!" नाहीच होत. आवडता राग चहाच्या किटलीशेजारी अर्धामुर्धा कानावर पडला. पण १९५३ साली सवाई सुरू करून भीमसेनजी वर्षानुवर्षं त्यासाठी राबले. त्यांना गाणं कमी कळत होतं का?

सर्व्हरसाठी रात्ररात्र जागतो ना आपण? मग एक रात्र गाण्यासाठी राबा. नाहीतर स्वतःला रसिक म्हणवू नका, गिऱ्हाईक म्हणा!