जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स दुसऱ्या पिकअपला बसवताना



दोन जुन्या पिकअप दारात असल्या की एक विचार हमखास मनात येतो. एकीचा सांगाडा गंजला आहे पण गिअरबॉक्स शाबूत आहे, दुसरी धडधाकट आहे पण गिअर बिघडले आहेत. मग एकीचा काढून दुसरीला का बसवू नये? विचार चांगला आहे. पण कांदा काढणीला आला असताना गाडी आठ दिवस खोलून पडली, तर वाचवलेला पैसा भाड्याच्या गाडीतच जातो. म्हणून हे काम सुगीच्या आधी, सवडीने आणि पाहून-सवरून करावे.

प्रथम बिघाड नक्की कुठे आहे ते पाहा. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबले तरी रिव्हर्स टाकताना करकर वाजत असेल, तर बहुधा क्लच नीट सुटत नाही. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंग पाहावे. न्यूट्रलमध्ये क्लचवरचा पाय काढला की घरघर आणि दाबला की शांत, असे असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. उतारावर गिअर आपोआप निसटत असेल, तर आतली झीज किंवा सैल झालेले माउंटिंग हे कारण असू शकते. क्लचच्या दुखण्यासाठी गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी!

दुसरी गाडी चालू होत असेल तर ती खोलण्यापूर्वी सर्व गिअरमध्ये चालवून पाहा. उतरवल्यावर ही संधी राहत नाही. चालू होत नसेल तर ऑइल एका स्वच्छ घमेल्यात काढा. चुंबकाला बारीक राखाडी भुकटी लागली तर ती नेहमीची झीज समजावी. धातूचे तुकडे निघाले तर तो गिअरबॉक्स घेऊ नये. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या असल्या म्हणजे झाले, असे समजू नका. शाफ्टवरचे दाते मोजा, त्याची लांबी व जाडी मापा. हाउसिंगच्या बोल्टची भोके, मागची माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टचे तोंड आणि स्पीडोमीटरची केबल जुळते का ते पाहा. एक माप चुकले तरी सगळे काम अडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडी सपाट, टणक जागी उभी करून बॅटरीची तार आधी काढावी. प्रोपेलर शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये ठेवून थांबत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. काही जुन्या जीपगाड्यांत हातब्रेकही गिअरबॉक्सच्या मागेच असतो, तोही निकामी होतो. म्हणून जमिनीवर टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा. जॅक फक्त उचलण्यासाठी; भार लोखंडी स्टँडवर किंवा जाड लाकडी ठोकळ्यांवर द्या. विटा व सिमेंटचे पोकळ ब्लॉक अचानक फुटतात. इंजिनालाही खालून टेकू द्यावा. गिअरबॉक्स एकट्याने छातीवर पेलण्याची वस्तू नव्हे. घरातल्या माणसांनीही नियम करावा, की टेकू पाहिल्याशिवाय कुणालाही गाडीखाली जाऊ द्यायचे नाही.

प्रोपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी जोडावर रंगाने खूण करा. तो होता तसाच बसला पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते. सगळे उघडलेच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील पाहून घ्या, खराब असतील तर बदला. त्याच कामाची मजुरी दोनदा कशाला द्यायची? बसवताना क्लच प्लेट मधोमध धरा. गिअरबॉक्स शाफ्टवर लोंबकळू देऊ नका आणि बोल्ट आवळून जबरदस्तीने ओढू नका; हाउसिंगचे कान तुटतात.

कागदपत्रांचेही पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आर.टी.ओ.ला कळवायचे असते. गिअरबॉक्सऐवजी इंजिनच बदलणार असाल, तर त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करून घेणे भाग आहे.

शेवटी गाडीच्या पुस्तकात सांगितलेले ऑइलच पातळीच्या भोकापर्यंत भरा. हाताशी आहे म्हणून दुसरे ओतू नका. पहिली फेरी रिकाम्या गाडीने शेतरस्त्यावर मारा, थांबून खाली गळती पाहा, सर्व बोल्ट पुन्हा तपासा. सारे ठीक असेल तरच माल भरून बाजाराची वाट धरा.