डॉक्टर स्क्रीनवर आले, पण पायाची सूज कोण बघणार?

परवा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ फिरत होता. म्हणे आता म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायची गरजच नाही, सगळं घरबसल्या मोबाईलवर. खाली अंगठ्यांची रांग. मीही दिला असता, पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात जे घडलं ते आठवलं आणि हात थांबला.

माझी मावशी, वय ७६. कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत एकटी राहते, मुलगा विरारला. अशी घरं आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. गणपतीत भरलेली आणि बाकी वर्षभर एका म्हातारीच्या जिवावर उघडी. मुलगा चांगला आहे, हे आधीच सांगतो, कारण असं काही लिहिलं की पहिल्या शिव्या पोराला पडतात. त्याने बीपीचं मशीन दिलं, स्मार्टफोन दिला, एका खासगी ॲपची वर्षाची वर्गणी भरली. दर रविवारी व्हिडिओवर डॉक्टर. नाहीतर मोठ्या तपासणीसाठी बांबोळी गाठायची, म्हणजे पहाटेची गाडी, सोबतीला कुणीतरी, आणि त्या सोबत्याची एक दिवसाची मजुरी बुडालेली. ते सगळं वाचत होतं. आम्हीही खूश होतो.

डॉक्टर विचारायचे, "आजी, दम लागतो का?" मावशी सांगायची, "नाय हो, बरी आसंय मी." आपली म्हातारी माणसं डॉक्टरला पाहुण्यासारखं उत्तर देतात, समोरच्याला त्रास नको म्हणून. बीपीचा आकडा ठीक यायचा. असे सहा रविवार गेले.

मग एक दिवस आशाताई शेजारच्या घरी बाळाचं वजन करायला आली आणि जाता जाता मावशीच्या पायरीवर टेकली, आपणहून. तिचं लक्ष पायांकडे गेलं. अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. रात्री झोपतेस कशी विचारलं, तर मावशी म्हणाली, "भिंतीक टेकान. आडवा पडला काय जीव घाबरता." हे तिने सहा रविवारांत कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण तसं कुणी विचारलंच नव्हतं. आणि फोन कायम तोंडासमोर. पाय कधी स्क्रीनवर आलेच नाहीत.

आशाताईने तिला उपकेंद्रात नेलं. तिथल्या सीएचओ मॅडमनी ई-संजीवनी उघडलं. म्हणजे पुन्हा व्हिडिओच, पुन्हा लांबचा डॉक्टर. पण या वेळी अलीकडच्या टोकाला नाडी बघणारं, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावणारं, सूज दाबून बघणारं आणि हे सगळं डॉक्टरच्या भाषेत सांगणारं माणूस होतं. पाच-सात मिनिटांत निर्णय झाला, आजच दाखल करा. हृदयाचं पंपिंग कमी पडत होतं, अंगात पाणी साठत होतं. आठ दिवसांनी मावशी घरी आली.

म्हणून माझं भांडण व्हिडिओशी नाही. ई-संजीवनी २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झालं तेच आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यामार्फत डॉक्टरशी बोलण्यासाठी. रुग्णाने घरून थेट बोलायची सोय एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये आली. दोन्ही हवंच. पण जाहिरात होते ती फक्त दुसऱ्या प्रकाराची, कारण त्यात पगार द्यावं लागणारं माणूस दिसत नाही.

घरात जाऊन उपचार करणं म्हणजे काय, हे आपल्याच राज्याने जगाला दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास बघायचा, गरज पडली तर औषधही द्यायचं. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. कुठलंही ॲप नव्हतं. त्याच धर्तीवर आज आशाताई बाळाकडे ठरलेल्या दिवशी जाते, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. तशाच एका फेरीत तिला मावशी दिसली. एकट्या म्हाताऱ्यांसाठी असे ठरलेले दिवस आमच्या वाडीत तरी मी कधी पाहिले नाहीत.

आणि व्हिडिओला नियमाच्याही मर्यादा आहेत. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मॉर्फिनसारखी औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. पण कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत घरी तळमळणारा माणूस असेल, तर "घरबसल्या सगळं" तिथेच संपतं.

सध्या मावशीचं असं चाललंय. घरात साधा वजनकाटा आणलाय. रोज सकाळी चहाच्या आधी वजन, शेजारची मुलगी कॅलेंडरवर लिहिते. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय असं समजून लगेच उपकेंद्राला कळवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पंधरवड्यातून एकदा उपकेंद्रातून व्हिडिओ. बांबोळीच्या खेपा कमी झाल्याच, ते श्रेय तंत्रज्ञानाचंच. पण आशाताई अजून स्वतःच्या मर्जीने येते, त्याचा तिला छदाम मिळत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात याच आशा मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी चौकशी केली? मी केली नव्हती.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी दोन प्रश्न लेखी देणार आहे. गावात एकटे राहणारे आणि अंथरुणाला खिळलेले किती, त्यांची यादी कुणाकडे आहे? आणि त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा जाण्याचे पैसे आशाताईला मिळावेत, असा ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवणार का? तुमच्या गावातही विचारा. तुमच्या उपकेंद्रात सीएचओ आहेत की जागा रिकामी, व्हिडिओपुरती रेंज मिळते का, ते गावाचं नाव टाकून कमेंटमध्ये लिहा. पेशंटचं नाव किंवा आजार मात्र लिहू नका. सगळं एकत्र करून पंचायत समितीत देऊ.