अंगणातली शाळा : मागून आणलेली काडी



दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्या दिवसाची गोष्ट. आमच्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी दप्तरासोबत एक पिशवी जपून घेऊन आली. पिशवीत वीतभरही नाही अशी लहानशी कुंडी होती. कुंडीत तीन धारांचा हिरवा दांडा, आणि त्याच्या डोक्यावर लालभडक गोळा. कुणी बोरकुटाचा लाडू ठेवून दिला आहे असं वाटावं! नागपूरच्या एका प्रदर्शनातून आजोबांनी तिला ते झाड घेऊन दिलं होतं. पण दांडा बुडाशी काळा पडला होता आणि बोट लावलं तर मऊ लागत होता. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मॅडम, मी तं रोज दोनदा पाणी टाकत होती जी!"

आता हिला काय सांगावं? त्या रोजच्या दोन वेळच्या पाण्यानंच तर घात केला होता. पण तिनं केलं ते प्रेमानंच केलं होतं ना! म्हणून त्या दिवशी मी गणिताचा तास बाजूला ठेवला आणि आम्ही सगळे त्या कुंडीभोवती बसलो. तिथं जे बोलणं झालं तेच आज तुम्हाला सांगते.

ओळखीचीच मंडळी

या झाडांना रसाळ किंवा मांसल वनस्पती म्हणतात. पाऊस कमी असलेल्या मुलखात राहायचं, तर पाणी साठवायला हवं. कुणी ते पानात साठवतं, कुणी खोडात. नाव नवीन वाटलं तरी यांतली कितीतरी मंडळी तुमच्या घरी आधीपासून आहेत. कोरफड आहे, पानफुटी आहे, ऊन चढलं की फुलणारा गुलाबी-पिवळा चिनी गुलाब आहे. आई भाजी करते तो घोळ त्या चिनी गुलाबाचा सख्खा भाऊ. घोळाचं पान चिमटीत दाबून पाहा, कसं पाणी सुटतं ते! आणि रात्री उमलणारं ज्याचं फूल पाहायला आपण शेजाऱ्यांना उठवतो, ते कुंडीतलं ब्रह्मकमळ? तेही अमेरिका खंडातून आलेलं निवडुंगच आहे.

तो लाल गोळा मात्र जरा वेगळा. त्याच्यात हरितद्रव्य जवळजवळ नाहीच, म्हणून तो स्वतःचं अन्न स्वतः तयार करू शकत नाही. एकटा ठेवला तर उपाशी मरेल. जपानमध्ये १९४० च्या सुमारास असे लाल गोळे वाढवायची युक्ती सापडली. हिरव्या निवडुंगाच्या दांड्यावर त्याचं कलम करायचं! आमच्या कळमेश्वरच्या मुलांना हे लगेच कळलं. संत्र्याच्या बागेत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात ना, तसंच. खाली जेवण करून वाढणारा एक, वर मिरवणारा दुसरा.

रात्री उघडणारी दारं

आता या झाडांचं गुपित. झाडाच्या पानांवर बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. बहुतेक झाडं दिवसा ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि उन्हात अन्न तयार करतात. पण दार उघडलं की पाण्याची वाफही बाहेर जाते. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, असं दार उघडणं म्हणजे रांजणाला भोक पाडणंच! म्हणून मांसल वनस्पती दिवसा दारं घट्ट लावून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड त्या आम्लाच्या, म्हणजे आंबट रसाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा ऊन आलं की वापरतात.

या गुपिताची चाहूल कुठे लागली ठाऊक आहे? आपल्या भारतातच, आणि तीही साध्या पानफुटीवरून. बेंजामिन हेन नावाचे वनस्पती-अभ्यासक तेव्हा दक्षिण भारतात काम करत होते. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं, हे त्यांनी स्वतः चाखून पाहिलं आणि एका पत्रात लिहून कळवलं. १८१५ साली ते छापून आलं. तुम्ही मात्र चाखू नका. पानफुटी पोटात जास्त गेली तर बाधते, गुरांनासुद्धा. आपण दुसरी युक्ती करू.

करून पाहा (मोठ्यांना सोबत घेऊन)

पानफुटीचं एक जाड, जुनं पान संध्याकाळी तोडा. त्याचा लहानसा तुकडा ठेचून चार चमचे पाण्यात गाळा आणि त्यात चिमूटभर हळद टाका. मग चुन्याची निवळी थेंब-थेंब घाला आणि पिवळा रंग लालसर होईपर्यंत थेंब मोजा. हळदीत चुना पडला की कुंकवाचा रंग येतो, हे आजीला विचारा. दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत त्याच झाडाच्या तेवढ्याच तुकड्याचा तोच प्रयोग करा. रस जितका आंबट, तितके थेंब जास्त लागतील. आमच्या वर्गात सकाळच्या रसाला इतके जास्त थेंब लागले, की मोजणाऱ्या पोराचा आकडाच चुकला आणि पुन्हा सुरुवात करावी लागली! चुन्याचं पाणी डोळ्यांत उडू देऊ नका आणि नंतर हात स्वच्छ धुवा.

कुंडी भरताना

आपली काळी माती कापसाला चांगली. ती पाणी धरून ठेवते, म्हणूनच या झाडांना मात्र ती वैरीण. कुंडीला खाली भोक हवंच. त्यावर फुटक्या कवेलूचा तुकडा ठेवा. एक भाग बागेची माती, दोन भाग जाडी रेती आणि एक भाग विटांचा बारीक चुरा असं मिश्रण करा. कन्हानची रेती मिळाली तर उत्तम, पण आधी चाळून बारीक धूळ काढून टाका.

पाणी कधी घालायचं? घड्याळ बघून नाही. झाडूची काडी मातीत खोल खुपसा. काडीला ओल लागली तर थांबा. कोरडी निघाली की भरपूर पाणी घाला आणि खालून वाहून जाऊ द्या. हिवाळ्यात दहा-बारा दिवस थांबावं लागलं तरी घाबरू नका. पावसाळ्यात कुंड्या वळचणीच्या आत घ्या. आणि मे महिन्यात? स्लॅबवरचं ऊन यांतल्या कितीतरी झाडांना सोसत नाही. वाळवंटातलं झाड म्हणजे कितीही तापवलं तरी चालतं, असं नाही. पुष्कळ झाडं तेव्हा झोपलेली असतात. त्यांना सकाळचं ऊन आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली द्या. झोपलेल्याच्या तोंडात कुणी पाणी ओततं का?

रंगाचं रहस्यही इथंच आहे. काही मांसल झाडांच्या पानांच्या कडा लाल, जांभळ्या होतात. तो रंग म्हणजे पानानं उन्हापासून बचावासाठी उघडलेली छत्री. भरपूर ऊन, रात्रीची थंडी आणि बेताचं पाणी मिळालं की रंग खुलतो. म्हणून आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत ही झाडं सर्वांत देखणी दिसतात. तेच झाड सावलीत ठेवून रोज पाणी दिलं, तर ते हिरवं, लांबुडकं आणि मलूल होतं.

माझी एक चूक

एवढं बोलणं झाल्यावर एका पोरानं विचारलं, "मॅडम, तुम्हाले हे सारं कसं समजलं?"

खरं सांगू का, मी जरा गडबडले. कारण त्याचं उत्तर मी आजवर कुणालाच दिलं नव्हतं.

आपल्या महाराष्ट्राची स्वतःची एक दुर्मीळ मांसल वनस्पती आहे. तिचं नाव शिंदळ माकुडी. शिवनेरी किल्ल्यावर आढळते म्हणून तिला शिवसुमन असंही म्हणतात. रानात ती फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर आणि उतारांवर सापडते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. १८६० च्या दशकात डॅलझेल या वनस्पती-अभ्यासकांनी तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला 'फ्रेरिया' हे नाव दिलं. आपल्या रुईच्या कुळातलीच ती. खोड बोटासारखं गुबगुबीत. पावसाळ्यात तिला पानं येतात, उन्हाळ्यात ती गळून जातात. आणि फूल! पाच टोकांची चांदणीच जणू, गडद लाल, त्यावर पिवळे ठिपके.

डी.एड. झाल्यावर मैत्रिणींबरोबर मी ऑगस्टमध्ये जुन्नर भागात गेले होते. एका डोंगरावर वाट दाखवायला गावातले एक आजोबा होते. त्यांनी लांबून बोट करून ती फुलं दाखवली आणि म्हणाले, "बघा, पण हात लावू नका पोरींनो. आता थोडीच राहिलीत." ते पुढे गेले. मी मागे राहिले. आणि हाताला येत होतं ते एक झाड मुळासकट उपटून रुमालात गुंडाळलं.

रात्रभराच्या गाडीनं ते कळमेश्वरला आलं. मी ते काळ्या मातीत लावलं, वर शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. दहा-बारा दिवसांत त्याचा लगदा झाला. लाज वाटली म्हणून मी ते कुणाला न सांगता उकिरड्यावर टाकलं. पुढे चूक कुठे झाली ते शोधायला पुस्तकं वाचली, माळ्यांना विचारलं. आज जे सांगते आहे ते त्यातूनच शिकले.

वर्ग अगदी गप्प झाला. मग ती लाल गोळ्याची मालकीण हळूच म्हणाली, "म्हणजे मॅडम, तिथं आता एक कमीच राहिलं ना?"

मी म्हटलं, "हो. एक कमीच राहिलं."

तिचा निवडुंग मेला असता, तर तसा दुसरा बाजारात मिळाला असता. माझ्या झाडाचं तसं नव्हतं. आणि माझ्यासारखे अनेक जण असतात. दक्षिण आफ्रिकेत खड्यांसारखी दिसणारी इवली मांसल झाडं आहेत. २०१९ नंतर हौशी लोकांना विकायला ती इतकी उपटली गेली, की चोरांकडून जप्त केलेल्या झाडांचीच संख्या लाखांवर गेली. काही झाडं वाढायला कितीतरी वर्षं लागतात, उपटायला एक क्षण.

आणि यातली गंमत ऐका. शिंदळ माकुडी कुंडीत वाढवणं मुळीच अशक्य नाही. तिची काडी तोडून, वाळवून, रेतीत खोचली तर तिला मुळं फुटतात. परदेशातल्या हौशी लोकांच्या घरी ती अशीच काडीवरून काडी करत कित्येक वर्षं वाढते आहे. म्हणजे डोंगर ओरबाडायची गरजच नव्हती!

आपल्या गल्लीत कोरफड कुणी उपटून नेतं का? "काकू, एक पिल्लू द्या" म्हणून मागून आणतो. पानफुटीचं तर एक पान पुरतं. दुर्मीळ झाडालाही हाच नियम लावायचा. ज्याच्याकडे ते वाढवलेलं आहे त्याच्याकडून काडी, पिल्लू किंवा बी घ्यायचं. डोंगरावरचं फूल डोंगरावरच पाहायचं.

आता त्या लाल गोळ्याचं काय झालं ते सांगते. दांड्याचा कुजलेला भाग आम्ही स्वच्छ सुरीनं कापून टाकला. गोळ्याखाली दोन बोटं हिरवा दांडा टणक उरला होता. तो आठ दिवस सावलीत वाळवला, मग कोरड्या रेतीत उभा केला. पाणी द्यायचं नाही, असं ठरलं. रोज पाणी देणाऱ्या पोरीला हे फार जड गेलं! ती मधल्या सुटीत येऊन नुसती बघून जायची. दीड महिन्यानं हलकेच हलवून पाहिलं, तर दांडा हलेना. मुळं धरली होती. त्या दिवशी तिनं पहिलं पाणी घातलं. तेही एकच चमचा, आणि तोही मला विचारून.

पालकांसाठी दोन शब्द : रोप विकत घेताना ते रोपवाटिकेत वाढवलेलं आहे का, हे मुलांसमोर अवश्य विचारा. काही वेळा निवडुंगावर वाळलेली फुलं डिंकानं चिकटवलेली असतात किंवा रंग मारलेला असतो, तेही बघून घ्या. शेरासारख्या झाडांचा पांढरा चीक डोळ्यांना फार घातक असतो. ती मुलांच्या हाती देऊ नका.

या आठवड्याचं काम : शेजारच्या घरून एक काडी, पान किंवा पिल्लू *मागून* आणा. कुणाकडून आणलं आणि कोणत्या तारखेला लावलं, ते वहीत लिहा. मूळ फुटलं की त्या काकूंना किंवा आजोबांना नेऊन दाखवायला मात्र विसरू नका हं!