शिक्षक गावात घडला पाहिजे

निजामाच्या अमदानीत, जेव्हा सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, तेव्हा १९२१ साली मराठवाड्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा उभी राहिली; तेथील मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी झाले, आणि अध्यापन व लोकमुक्ती ही दोन कार्ये त्यांनी कधी परस्परभिन्न मानली नाहीत.

या वारशाच्या कसोटीला आजचे अध्यापक-प्रशिक्षण उतरत नाही. पाठ टाचण, सराव पाठ आणि आंतरवासिता यांचे सोपस्कार उरकून पदविका मिळवलेला तरुण कंधार-मुखेडकडच्या एखाद्या बंजारा तांड्यावर रुजू होतो, तेव्हा वर्गातली लेकरे घरी गोरमाटी बोलतात हे त्याला तेथेच प्रथम कळते. आणि दिवाळी सरताच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी मुलाबाळांसह ऊसतोडीला निघून गेली, की ओस पडलेल्या हजेरीपटापुढे तो हतबल होतो.

वस्तुतः गणिताचा उत्कृष्ट पाठ त्याच तांड्यात हाताशी असतो. उचल किती घेतली, टनामागे मजुरी काय पडली, मुकादमाने किती कापून घेतले आणि अंगावर बाकी किती राहिली, हा हिशेब फळ्यावर मांडला, तर मूल बेरीज-वजाबाकी शिकेलच, पण ज्या वहीवर आईबाप निमूटपणे अंगठा उमटवतात ती वाचण्याचे सामर्थ्यही त्या घरात येईल. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेरी यांनी श्रमिकांना त्यांच्याच जगण्यातल्या शब्दांपासून साक्षर केले ते याच मार्गाने. आणि त्याच्या कितीतरी आधी, १८८२ साली, प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, कारण तेच लोकांत मिसळून त्यांच्या गरजा जाणू शकतील, अशी मागणी महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे केली होती.

वस्तीतूनच शिक्षक घडवल्याने गुणवत्ता खालावेल, अशी भीती दहावी-बारावीच्या निकालांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नचा रास्त अभिमान बाळगणारे सज्जन व्यक्त करतील. परंतु त्या निकालांत परीक्षेपर्यंत पोहोचलेल्यांचीच गणना होते, आणि चौथी-पाचवीतच ज्यांची शाळा सुटते त्यांना सावरणारा प्राथमिक शिक्षकावाचून दुसरा कोणी नसतो.

म्हणून नांदेड व लातूरच्या अध्यापक विद्यालयांत तांड्या-वाड्यांवरील मुलामुलींना प्राधान्य मिळावे. प्रत्येक छात्राध्यापकाने प्रशिक्षणाचे एक सत्र वस्तीवर राहून, तेथील बोली शिकून आणि रात्री प्रौढांचे वर्ग चालवून पुरे करावे. जिल्हा परिषदेने त्याच्या निवासाची व भत्त्याची तजवीज करावी. आणि त्या सत्राचा दाखला देण्याचा अधिकार विद्यालयाइतकाच ग्रामसभेलाही असावा, कारण शिक्षक लायक आहे की नाही, हे ज्यांची लेकरे त्याच्या हाती सोपवायची त्यांनाही विचारले गेले पाहिजे.