जाहिरात छापली आम्ही, बुडाले तुम्ही

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या ठेवी अडकल्यात त्यांनी आणि माझ्या धंद्यातल्या मित्रांनी पूर्ण वाचावी ही विनंती.

परवा सुभाष रोडला चहाच्या टपरीवर एक ओळखीचे मामा भेटले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. रिटायरमेंटचा सगळा पैसा एका मल्टिस्टेटमध्ये गेलाय. मी सवयीनं विचारलं, "मामा, काही मिळालं का?" ते म्हणाले, "तुम्हाला काय बोलावं आता? तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर होतं की. पेपरात आलंय म्हणजे खरंच असंल म्हणून भरले." चहाचे पैसे त्यांनीच दिले. मला देऊ दिले नाहीत.

ती जाहिरात मीच आणली होती. दिवाळी अंकाचं टार्गेट होतं, कमिशन पंधरा टक्के. त्यातून पोरीची फीस भरली. आता लपवून काय करता?

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. गावाकडच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. असतं ते ओळखपत्र आणि जाहिरातीवरचं कमिशन. ज्याच्या विरोधात सकाळी बातमी लिहायची, दुपारी त्याच्याच दारात वाढदिवसाच्या जाहिरातीसाठी बसायचं. दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन होतो, हार-शाल होते, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ ला 'दर्पण' काढलं यावर भाषणं होतात. पेपर चालतो कशावर, यावर कुणी बोलत नाही. या देशातला पहिला पेपर हिकीचा, १७८० चा, कलकत्त्याचा. त्याच्या तर नावातच 'कलकत्ता जनरल अ‍ॅडव्हर्टायझर' होतं. म्हणजे जाहिरात हे काही आमच्या काळातलं पाप नाही. पेपरसोबतच जन्मलेली ती.

आणि खरं सांगू का, गाव कळतं ते जाहिरातीतूनच. कुठलाही जिल्हा पेपर मागच्या पानाकडून उलटा वाचून बघा. प्रथम पुण्यस्मरणाच्या कीर्तनाचं निमंत्रण, त्यात महाराजांचं नाव मोठं. चाळीस चेहऱ्यांचा वाढदिवस. कापसाचं बियाणं. वकिलामार्फत जाहीर प्रगटन, की अमुक गटातली जमीन आमच्या पक्षकारानं घ्यायची ठरवलीय, कुणाचा हक्क असेल तर सात दिवसांत कागदपत्रांसह कळवा. आणि मधेच कोपऱ्यात, चार ओळींची नोटीस: माझा मुलगा माझ्या सांगण्यात नाही, त्याच्याशी कुणी देण्याघेण्याचा व्यवहार करू नये, केल्यास मी जबाबदार राहणार नाही. या चार ओळींमागं बापाचं काय झालं असेल ते मोंढ्यातल्या आडत्यालाच माहीत.

डिप्लोमाला असताना जाहिरातीचा इतिहास आम्हाला एका तासात उरकून टाकला होता. पुढं स्वतःच वाचला, तेव्हा चकित झालो. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती त्या काळात तिकडच्या पेपरात हीच नोटीस सापडते, फक्त मुलाऐवजी बायकोची. अमुक बाई माझं घर सोडून गेली, तिला कुणी उधार देऊ नये, तिचं देणं मी फेडणार नाही. काही बायका त्याला पेपरातूनच उत्तर द्यायच्या! तिथं नाण्यांची कायम टंचाई, दुकानदारी सगळी वहीवर, उधारीवर. त्यामुळं कुणाची पत आहे आणि कुणाची गेली हे पेपरात छापून यायचं. आपल्या मोंढ्यासारखंच म्हणा की.

पण त्याच पानांवर दुसऱ्या जाहिराती होत्या. गुलाम विकणे आहे. गुलाम पळाला आहे, पकडून देणाऱ्यास बक्षीस. खाली पत्ता नाही, नुसतं 'छापखान्यात चौकशी करावी'. म्हणजे पेपरचा मालक जागा विकून मोकळा होत नव्हता, तो सौद्यातला दलाल होता. ज्याचं नाव आपण आदरानं घेतो त्या बेंजामिन फ्रँकलिननं १७२९ ला 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' घेतला, त्यातही या जाहिराती छापून आल्या. म्हातारपणी हाच माणूस गुलामगिरी बंद करा म्हणणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला. १७९० ला तसा अर्ज त्याच्या सहीनं अमेरिकेच्या काँग्रेसपुढं गेला. पण आधीची जाहिरातीची कमाई तर झालेलीच होती.

गुलामगिरीशी मी बरोबरी करत नाही. तेवढी अक्कल आहे. मला टोचलं ते 'छापखान्यात चौकशी करावी' हे वाक्य. कारण मामांनी चौकशी केली होती. माझ्याकडेच. "पैसे ठेवावे का हो?" असं विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, "चांगली संस्था आहे, आमच्याकडं नेहमी जाहिरात असते."

२०२३ नंतर आपल्या जिल्ह्यातल्या मल्टिस्टेट एकामागून एक बंद पडल्या. गुन्हे दाखल झाले, ईडी येऊन गेली. संचालकांवर लोक बोलतात, बोललंच पाहिजे. आमच्यावर कुणी बोलत नाही, कारण आमच्या शेवटच्या पानावर तळाला मुंगीएवढ्या अक्षरात ओळ असते: जाहिरातीतील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही. प्रेस कौन्सिलची आचारसंहिता म्हणते, जाहिरातीसह सगळ्या मजकुराची जबाबदारी संपादकाची, आणि ती नाकारायची तर आधीच स्पष्ट सांगा. म्हणून ती मुंगी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पण नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून छापणाऱ्याला त्यातून सूट. कायद्यानं आम्ही बहुतेक वेळा सुटतोच.

सुटतो ते सोडा. एक साधी गोष्ट आम्ही छापू शकलो असतो. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. तिची नोंदणी २००२ च्या केंद्राच्या कायद्याखाली, रजिस्ट्रार दिल्लीत. एवढी दोन वाक्यं जाहिरातीशेजारी, त्याच आकारात. मामांनी ती वाचली असती. ते पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचतात. पण आम्ही काय छापलं? चेअरमनचा हसरा फोटो, बारा टक्के व्याज, आणि दुसऱ्या दिवशी नव्या शाखेच्या उद्घाटनाची बातमी, जी बातमी नव्हतीच.

माझं म्हणणं एवढंच आहे. जिल्ह्यातल्या संपादकांनी एकत्र बसून ठरवावं, की ठेवीची जाहिरात विम्याच्या ओळीशिवाय घ्यायची नाही आणि बातमीच्या वेषात तर अजिबात नाही. आणि वार्ताहराला थोडाका होईना पगार द्या. कमिशनवरचा माणूस चौकशीला खरं उत्तर कसं देणार? काही मित्र म्हणतील, आधी तू खाल्लंस आणि आता शहाणपण शिकवतोस. बरोबर आहे. मी ऐकून घेईन.

दसऱ्याची पुरवणी जवळ आलीय. एका नव्या पतसंस्थेचा फोन आला होता, अर्धं पान. विम्याची ओळ टाकावी लागेल म्हणालो. "विचारून सांगतो" म्हणाले. त्याला आठ दिवस झाले.

आणि ठेवीदारांना एक विनंती. त्या जाहिरातींची जुनी कात्रणं रद्दीत देऊ नका. पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा, वकिलांना विचारून तक्रारीला जोडा. आमच्या पेपरचं असेल तरी जोडा. अंक सापडत नसेल तर मला मेसेज करा, २०१८ पासूनची फाईल माझ्या घरी माळ्यावर आहे.