वीज जोडणाऱ्या हातांचा मोबदला

लोणावळ्याच्या माथ्यावरील जलाशयांचे पाणी नळांवाटे सह्याद्रीच्या पायथ्याशी आणून टाटांनी 1915 साली खोपोली येथे जलविद्युत केंद्र सुरू केले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे 1922 साली शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. मुंबईला वीज पुरविणाऱ्या या दोन तालुक्यांत आज प्रश्न आहे तो घरात वीज खेळविणाऱ्या कामगाराच्या मजुरीचा.

गेल्या काही वर्षांत कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या पट्ट्यात गृहसंकुले आणि मुंबईकरांची शेतघरे झपाट्याने वाढली. प्रत्येक घराला वायरमन लागतो. त्याला मासिक पगार क्वचितच असतो. बहुतेक काम उक्ते घेतले जाते आणि दर ठरतो तो पॉइंटवर. दिव्याचा पॉइंट, पंख्याचा पॉइंट, गिझरचा पॉवर पॉइंट, अशी मोजदाद होते. भिंतीला खाचा पाडणे, पाइप टाकणे, वायर ओढणे, बोर्ड बसविणे, शेवटी सर्व तपासून देणे, हे सारे त्या एका दरात धरलेले असते. गवंड्याने नंतर खाच बुजवताना पाइप चेपला तर तो पुन्हा काढून बसविण्याचे काम मात्र कोणी मोजत नाही.

मोठ्या संकुलात हा दर वरून खाली झिरपत येतो. विकासकाकडून विद्युत ठेकेदाराकडे, त्याच्याकडून पोटठेकेदाराकडे, तेथून वायरमनकडे, आणि सर्वांत शेवटी हेल्परकडे. हेल्पर म्हणजे अनेकदा जवळच्या ठाकूरवाडीतील वा कातकरीवाडीतील तरुण. प्रत्येक पायरीवर काहीतरी कापले जाते. नव्या वीजजोडणीसाठी महावितरणला द्यावयाच्या चाचणी अहवालावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते, पण सही करणारा व काम करणारा एकच असतो असे नाही. सहीची किंमत ठरलेली, हाताची मात्र घासाघीस.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचे गणित वेगळे आहे, आणि येथे आपण सर्वच चुकतो असे आम्हांस वाटते. दोन तासांच्या कामाचे एवढे पैसे कसे, असे आपण सहज म्हणतो. समजा, एका वायरमनला महिन्यात 18 दिवस काम मिळाले. कारखान्यातील कुशल कामगार 26 दिवसांत जे कमावतो, तेवढेच त्याला मिळवायचे असेल तर त्याचा रोज जवळजवळ दीडपट असावा लागतो. त्यातून दुचाकीचे पेट्रोल, ड्रिल मशीन, टेस्टर, मीटर, हेल्परची हजेरी वजा करा. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, शिडीवरून पडल्यास दवाखान्याचा खर्च स्वतःचा. कर्जत-खालापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असा कोसळतो की बांधकामे मंदावतात. शेतघरांचे मालक शनिवार-रविवारी येतात, म्हणून बोलावणीही त्याच दोन दिवसांत. रविवार त्याचा राहत नाही आणि मंगळवारी काम नसते. शिल्लक रक्कम 'पुढच्या खेपेला' देण्याचे वचन देऊन मालक मुंबईस परततात. ती खेप कधी कधी गणपतीनंतर येते.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या किमान वेतन कायद्याची जागा आता 2019 च्या वेतन संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. पूर्वी किमान वेतन ठरावीक अनुसूचित उद्योगांपुरते होते. संहितेने ते सर्व कामगारांस लागू केले. महाराष्ट्रात कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा श्रेणी व परिमंडळे पाहून दर ठरविण्याची पद्धत चालत आली आहे. रोजंदारीची मजुरी पाळी संपताच द्यावी, असे संहिता सांगते. जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी देण्याची आज्ञा आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. संकुलातील हेल्परला या कायद्याचा आधार मिळू शकतो. परंतु घरमालक व स्वतंत्र वायरमन यांच्यातील व्यवहारात मालक-नोकर हे नातेच मानले जात नाही. तेथे किमान दराची रेषा कोणी आखत नाही. ती आपल्याच हाती राहते.

'त्याने स्वतःच दर कबूल केला' हे उत्तर नेहमी दिले जाते. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात याच युक्तिवादाचा परामर्श घेतला होता. केवळ संमती झाली म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी दिलेली संमती ही मोकळी संमती नव्हे, आणि काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल एवढे वेतन हा त्याचा नैसर्गिक हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. 2025 साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाचा उल्लेख केला. आपल्या राज्यघटनेचे 43 वे कलमही निर्वाहवेतनाविषयी बोलते. नुसत्या किमान वेतनावर ते थांबत नाही.

दर पाडला म्हणजे पैसे वाचले, हाही भ्रम आहे. पॉइंटचा दर कमी झाला की मग वायर कमी जाडीची येते आणि अर्थिंगची तार बोर्डापर्यंत आणली जाते पण जमिनीतील खड्डा नीट होत नाही. तीस मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी हा 'नको असलेला खर्च' ठरतो. पावसाळ्यात भिंती ओलावणाऱ्या या भागात त्याची किंमत मोजणारा बहुधा वायरमन नसतो. ओल्या हाताने गिझरचे बटण दाबणारे घरातलेच माणूस असते.

आमचे म्हणणे एवढेच की काम सांगताना दर पॉइंटचा आहे की रोजाचा, सामान कोणाचे, हेल्परचे पैसे त्यात आहेत की वेगळे, हे कागदावर लिहून घ्यावे. थोडी उचल आधी द्यावी आणि बाकी काम तपासून झाले त्याच दिवशी द्यावी. भाव करायचाच असेल तर तो स्विचच्या ब्रँडवर करावा, मजुरीवर नव्हे.

आणखी एक लहानसा कागद आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावयाची तर मागील बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी साहाय्य मिळू शकते. वीस घरांत काम केलेल्या वायरमनला हा दाखला द्यायला सहसा कोणी एक मालक पुढे येत नाही, आणि ठेकेदाराला तो देण्याची घाई नसते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून तो मिळू शकतो. आपल्या घरी महिनाभर काम केलेल्या माणसाबरोबर एकदा ग्रामपंचायतीत जाऊन 'होय, याने आमच्याकडे काम केले' असे सांगायला अर्धा दिवस पुरतो.